अर्जुनाचा विषाद आणि शाळेतले मूल

श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला अध्याय पुष्कळ वाचक घाईने ओलांडतात. 'यात उपदेश नाही, केवळ सैन्याचे वर्णन आणि अर्जुनाचा शोक आहे,' असे म्हणून ते थेट दुसऱ्या अध्यायाकडे वळतात. पण थोडा विचार केला असता असे दिसून येते की, मुलांना वाढविणाऱ्या गृहस्थासाठी आणि त्यांना शिकविणाऱ्या अध्यापकासाठी याच अध्यायात फार मोठा बोध साठविलेला आहे. अध्यायाचे श्लोक ४७. त्यांत भगवान श्रीकृष्ण एकदाच बोलतात, आणि तेही अर्धा श्लोक पुरा भरत नाही. त्यानंतर बहुतेक काळ अर्जुन बोलतो आहे आणि जगद्गुरू ऐकत आहेत.

अर्जुन काय सांगतो, तेही पाहण्यासारखे आहे. धर्माधर्माचा वाद तो नंतर मांडतो. आधी तो आपल्या देहाची अवस्था सांगतो. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगावर काटा आला, हातातील धनुष्य निसटू लागले, मन भोवंडू लागले. ज्याला थोड्याच वेळापूर्वी 'गुडाकेश' म्हणजे निद्रेला जिंकणारा म्हटले, त्या महावीराची ही कथा! तेव्हा दहा-बारा वर्षांच्या बालकाचे हातपाय परीक्षेच्या दालनात गार पडले, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? आणि या अध्यायाला परंपरेने 'अर्जुनविषादयोग' असे नाव दिले आहे. विषादालाही 'योग' म्हटले, ही गोष्ट लहान नव्हे. जो विषाद योग्य पुरुषासमोर बोलून दाखविला जातो, तो भगवंताशी जोडणारा ठरतो; जो गिळला जातो, तो आतल्या आत कुजतो.

आता झाशीकडे वळू. किल्ल्याच्या छायेतील जुन्या शहरात बडा बाजार आहे. पेशव्यांचा अंमल बुंदेलखंडात पोहोचला, त्या काळापासून या नगरात मराठी घरे नांदत आली. समजा, त्या बाजारातील एखाद्या मराठी कापडदुकानदाराचा मुलगा सायंकाळी शाळेतून परत येतो. वर्गात सर्वांसमोर त्याचे गुण वाचून दाखविले गेले आहेत आणि मुले हसली आहेत. तो दप्तर टाकून गठ्ठ्यांच्या आड बसतो; खाऊ पुढे ठेवला तरी हात लावीत नाही. वडील गिऱ्हाइकाला वार मोजून देता देता विचारतात, "किती मार्क पडले रे?" उत्तर येत नाही. मग ते म्हणतात, "रडतोस काय बायकांसारखा? ऊठ, अभ्यासाला बैस." वडील दुष्ट नाहीत. मुलाचे कल्याणच त्यांना हवे आहे. पण संवाद तेथेच संपतो.

येथे कोणी म्हणेल की, भगवंतांनीही प्रथम असेच शब्द वापरले. खरे आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत भगवान अर्जुनाच्या या दुर्बलतेला कठोर शब्दांनी हटकतात. त्याच्या पौरुषालाच आव्हान देतात. परंतु पुढे काय झाले, हे वाचल्यावाचून थांबू नये. त्या कठोर शब्दांनी अर्जुन उठला नाही. उलट त्याने आपली व्यथा पुन्हा मांडली, 'मी तुमचा शिष्य आहे, मला शिकवा' अशी याचना केली, आणि 'लढणार नाही' म्हणून तो गप्प बसला. तेव्हा भगवंतांनी आवाज चढविला नाही. संजय सांगतो की, ते जणू हसत बोलू लागले. गीतेचा अमृतप्रवाह त्या स्मितातून सुरू होतो, धिक्कारातून नव्हे. भगवंतांच्या मुखातील धिक्कारही जेथे एकटा पुरेसा पडला नाही, तेथे तुमच्या-आमच्या दरडावण्याची काय कथा!

शिष्य या शब्दाचा धातू 'शास्' आहे. त्यातूनच 'शासन' हाही शब्द येतो. पण संस्कृतात विद्यार्थ्याला दुसरे एक नाव आहे, 'अन्तेवासी', म्हणजे गुरूच्या निकट राहणारा. शासनाचा अर्थ सर्वांनी लक्षात ठेवला, निकटतेचा विसरला.

तो ज्यांना विसरला नाही, अशांपैकी एक पांडुरंग सदाशिव साने. १९२४ साली ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालय त्यांच्याकडे आले. मुलांनी खोली अस्ताव्यस्त ठेवली, तर ते रागावत नसत. स्वतःच केर काढीत, कपडे घड्या करून ठेवीत. मुले ते पाहत, ओशाळत आणि न सांगता स्वतः करू लागत. ते मुलांसाठी हाताने लिहिलेले 'छात्रालय दैनिक' काढीत. आईबापांपासून दूर राहणाऱ्या मुलाला आपल्याशी रोज कोणीतरी बोलत आहे, असे वाटावे, याहून मोठे साधन कोणते? १९३० साली ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक अशी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती लिहून घेणारा हात याच साने गुरुजींचा होता. मुलांचे ऐकण्याची सवय असलेला शिक्षकच असे ऐकू शकतो, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आज या विषयाला 'सामाजिक-भावनिक शिक्षण' असे नाव मिळाले आहे. आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, ते आवरणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे, स्नेह जोडणे व विचारपूर्वक निर्णय घेणे, हे त्याचे अंग. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली आनंदाचा स्वतंत्र तास सुरू करण्यात आला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही हा विषय आला. अमेरिकेतील अभ्यासकांनी २०११ साली अशा २१३ उपक्रमांचा, सुमारे २,७०,००० विद्यार्थ्यांचा, एकत्र आढावा घेतला, तेव्हा मुलांचे वर्तन तर सुधारलेच, पण अभ्यासातही ती पुढे गेली, असे आढळले. 'भावनांचे लाड केले की मूल अभ्यासात मागे पडते,' या समजुतीला आधार उरला नाही.

आणि ही केवळ सुखसोयीची गोष्ट नाही. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. या संख्येपुढे क्षणभर थांबावे. त्यांतील कित्येकांचे धनुष्य हातातून गळत असेल. ते पाहणारा सारथी जवळ होता काय?

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वेळापत्रकात एक तास वाढविल्याने हे कार्य होत नाही. साठ मुलांच्या वर्गात उभा असलेला, वरिष्ठांकडून स्वतः रोज अपमानित होणारा अध्यापक मुलांना शांती कोठून देणार? विषयाच्या चिंतनापासून क्रोधापर्यंत आणि क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंत जो जिना दुसऱ्या अध्यायात दाखविला आहे, तो अध्यापकालाही उतरावा लागतो. म्हणून त्याचेही कोणी ऐकले पाहिजे. सहाव्या अध्यायातील 'आत्मौपम्य', म्हणजे दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यावरून मोजणे, हे मुख्याध्यापकाने शिक्षकाशी आचरावे, मग शिक्षकाने मुलाशी. आणि अठराव्या अध्यायात सर्व ज्ञान सांगून झाल्यावर भगवंतांनी निर्णय अर्जुनावर सोपविला, पूर्ण विचार करून मग इच्छेस येईल तसे करण्यास सांगितले, हेही घरातील वडीलधाऱ्यांनी विसरू नये.

बड्या बाजारातील त्या दुकानात आता दिवेलागण झाली आहे. गिऱ्हाईक गेले. वडिलांनी गज खाली ठेवला, गठ्ठ्यांजवळ जाऊन मुलाशेजारी जमिनीवर बैठक मारली आणि काहीच विचारले नाही. बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, "बाबा, आज वर्गात सगळे हसले." वडील म्हणाले, "बरं. मग काय झालं?" आणि मुलगा सांगू लागला.