आततायी आणि आतुर

गतवर्षीच्या उत्सवात पालखी सभामंडपाबाहेर निघाली त्या वेळी जो प्रकार घडला, तो आपल्या सभासद-कुटुंबांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे अथवा ऐकला आहे. नारळ सोलण्यासाठी ठेवलेला कोयता एका तरुणाने एकाएकी उचलला आणि मोठमोठ्याने ओरडत तो गर्दीत शिरला. दोघा स्वयंसेवकांनी प्रसंगावधान राखून पाठीमागून त्याचे हात धरले, कोयता हिसकावून घेतला, आणि कोणासही इजा झाली नाही. देवाची कृपा म्हणून आपण सर्वांनी हात जोडले.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. निःशस्त्र होऊन भुईवर पडलेल्या त्या तरुणास त्यानंतर कितीतरी वेळ लाथाबुक्क्यांनी तुडविण्यात आले. त्याची वृद्ध माता पदर पसरून सांगत होती की, मुलगा आजारी आहे, त्यास मारू नका. तिचे कोणी ऐकले नाही. आम्ही तेथेच उभे होतो. आम्ही हात उचलला नाही हे खरे. परंतु कोणाचा हात धरलाही नाही.

पुढे झालेल्या बैठकीत दोन सूचना आल्या. स्वयंसेवकांच्या हाती काठ्या द्याव्यात, ही एक. आणि वेडसर माणसांस देवळाच्या आवारात येऊ देऊ नये, ही दुसरी. दोन्ही सूचना भीतीपोटी आलेल्या आहेत, आणि ती भीती खोटी नव्हती. गर्दीत लहान मुले होती, गरोदर स्त्रिया होत्या. म्हणूनच त्या सूचनांची थट्टा न करता, शांत चित्ताने त्यांचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम प्रश्न असा की, शस्त्र घेऊन अंगावर येणाऱ्याचा प्रतिकार करणे धर्मास संमत आहे काय? आपल्यापैकी काही सज्जन अहिंसेचा अर्थ असा करतात की, सत्पुरुषाने मार खावा पण हात उचलू नये. स्वतःपुरता कोणी तसा निश्चय केला तर त्यास आमचा नमस्कार. परंतु शेजारी उभ्या असलेल्या बालकाच्या वतीने तो निश्चय करण्याचा अधिकार कोणासही नाही. आपल्या धर्मशास्त्रात ‘आततायी’ हा शब्द आहे. आग लावणारा, विष घालणारा, हाती शस्त्र घेतलेला, धन, भूमी अथवा स्त्री यांचे हरण करणारा, असे सहा प्रकारचे आततायी सांगितले आहेत. आततायी चालून आला असता तो गुरू आहे की वृद्ध आहे याचाही विचार करीत बसू नये, इतक्या स्पष्टपणे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात प्रतिकाराची मोकळीक दिलेली आहे.

मात्र या वचनाचा आधार घेणारे पुष्कळ लोक त्यातील ‘चालून येणारा’ हा शब्द सोडून देतात. आमच्या मते साऱ्या मोकळिकीचे मर्म त्या एकाच शब्दात आहे. चालून येत आहे तोवर तो आततायी. शस्त्र गळून पडले, हात धरले गेले, की त्याचे आततायीपण संपले. नंतर जो प्रहार होतो तो रक्षणाचा नव्हे, रोषाचा असतो.

आजचा कायदाही याच जागी येऊन उभा राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क चौतिसाव्या कलमापासून सांगितला आहे. तो हक्क धोक्याची रास्त भीती उत्पन्न होताच सुरू होतो व ती भीती असेतोवरच टिकतो. आणि बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्यास त्यात मुळीच मुभा नाही. छत्तिसाव्या कलमात तर आमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर आहे. मनोविकल मनुष्याचे कृत्य, त्यास त्याचे स्वरूप समजत नसल्यामुळे, अपराध ठरत नसले, तरी त्या कृत्यापासून स्वतःचा बचाव करण्याचा आपला हक्क कमी होत नाही, असे ते कलम सांगते. १८६० च्या जुन्या दंडसंहितेतही हेच होते. म्हणजे कायदा एकाच माणसाविषयी एकाच श्वासात दोन गोष्टी बोलतो. त्यास रोखा, आणि तो अपराधी नसेल हे विसरू नका.

हे दोन्ही एकाच वेळी साधणे माणसाच्या हातून होते काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर आम्हांस ऑस्ट्रेलियातील एका दुःखद घटनेत सापडले. १३ एप्रिल २०२४ रोजी, शनिवारी दुपारी, सिडनी शहरातील बाँडी जंक्शन येथील मोठ्या बाजारसंकुलात चाळीस वर्षांचा एक मनुष्य लांब सुरी घेऊन शिरला आणि समोर येईल त्यास भोसकीत सुटला. पाच स्त्रिया व एक पुरुष मृत्युमुखी पडले. दहाजण जखमी झाले. तो पुरुष म्हणजे पाकिस्तानातून आश्रयार्थ आलेला, तेथे नुकताच कामास लागलेला निःशस्त्र पहारेकरी होता. एका मातेने स्वतः प्राणांतिक जखमी असताना आपले नऊ महिन्यांचे घायाळ मूल परक्यांच्या हाती सोपविले. मूल वाचले, ती वाचली नाही. सरकत्या जिन्याच्या माथ्यावर एक फ्रेंच कामगार वाट अडविण्याचा खांब दोन्ही हातांनी उगारून उभा राहिला आणि त्याने हल्लेखोरास वर येऊ दिले नाही. अखेरीस एक महिला पोलीस निरीक्षक एकटीच धावत गेली. तो सुरी घेऊन तिच्यावर वळला तेव्हा तिने गोळी झाडली आणि तो कोसळला. त्यानंतर ती त्याच्यापाशी गेली आणि त्याची छाती दाबून त्यास जगविण्याची खटपट करू लागली, असे प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितले.

जो हात क्षणापूर्वी त्यास मारीत होता, तोच हात क्षणानंतर त्यास वाचवू पाहत होता. या दोन क्षणांच्या मधली जी रेघ, तीच धर्माची रेघ होय, असे आम्ही समजतो. गोळी झाडण्यात द्वेष नव्हता म्हणूनच छाती दाबण्यास हात अडला नाही. मृताच्या मातापित्यांनीही, तिने इतरांच्या रक्षणासाठी आपले कर्तव्य केले, तिच्याविषयी आमची तक्रार नाही, अशा आशयाचे निवेदन काढले, आणि ती स्वतः सावरली असेल अशी आशा व्यक्त केली.

याच्या उलट चित्र दोनच दिवसांनी त्याच शहरात दिसले. १५ एप्रिल रोजी वेकली भागातील एका चर्चमध्ये प्रवचन चालू असता बिशप मार मारी इमॅन्युएल यांच्यावर एका सोळा वर्षांच्या मुलाने सुरीने वार केले. उपस्थितांनी त्यास तेथेच दाबून धरले, रक्षण झाले. परंतु बाहेर जमलेला जमाव त्या मुलास ताब्यात मागू लागला, पोलिसांवर दगडविटा फेकू लागला, आणि त्या रात्री पन्नासच्या आसपास पोलीस जखमी झाले. बिशपांनी रुग्णशय्येवरून त्या मुलास क्षमा केल्याचे कळविले व आपल्या लोकांस शांत राहण्याची विनंती केली. ज्यांच्या अंगावर वार झाले ते शांत होते. ज्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता ते पेटले होते. आपल्या सभामंडपाबाहेर त्या दिवशी याहून निराळे काय झाले?

येथपर्यंत आततायीचा विचार झाला. आता दुसरा शब्द. ‘आतुर’ म्हणजे उत्सुक असा अर्थ आज आपण घेतो. परंतु आयुर्वेदात आतुर म्हणजे रुग्ण, आणि आतुरसंन्यास या शब्दात तो अर्थ अद्याप जिवंत आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते इतकेच की, काही प्रसंगी आततायी आणि आतुर हा एकच मनुष्य असतो. काही क्षणांपुरता तो आततायी होतो; त्याच्या आधी कित्येक वर्षे, आणि जगला तर नंतरही, तो आतुरच असतो.

प्रत्येक सुरीमागे मनोविकार असतो असे आम्ही म्हणत नाही. द्वेष, सूड, मद्य यांनीही सुऱ्या उपसल्या जातात. तसेच मनोविकाराने ग्रासलेली बहुसंख्य माणसे कोणासही इजा करीत नाहीत, उलट तीच इतरांच्या जुलमास अधिक बळी पडतात, ही गोष्ट वैद्यकाने पुनःपुन्हा दाखविली आहे. परंतु बाँडी जंक्शनच्या त्या मनुष्याची हकिकत मे २०२५ पर्यंत चाललेल्या मृत्युचौकशीत बाहेर आली, ती प्रत्येक आईबापाने ऐकण्याजोगी आहे. सतराव्या वर्षी त्यास स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, झाल्याचे निदान झाले. क्वीन्सलंड प्रांतातील टूवुंबा गावी पुष्कळ वर्षे औषधांनी तो ठीक राहिला. पुढे ती औषधे हळूहळू कमी करण्यात आली आणि २०१९ च्या मध्यापासून तो त्या आजारावर कोणतेही औषध घेत नव्हता. मातेने त्याच वर्षी आपली चिंता कळविली होती. तो दुसऱ्या शहरी गेला, आणि नियमित उपचारांचा धागा तुटला. जानेवारी २०२३ मध्ये पित्याने त्याच्या सुऱ्या काढून घेतल्या, तेव्हा त्यानेच पोलिसांस बोलाविले. आलेल्या पोलिसांपाशी मातेने त्यास उपचारांची गरज असल्याचे सांगितले. त्या भेटीनंतर जो पाठपुरावा व्हावयाचा होता, तो नजरचुकीने राहून गेला. पंधरा महिन्यांनी सहा घरांवर आकाश कोसळले.

तेव्हा आत्मरक्षण केव्हा सुरू होते? सुरी उगारली जाते तेव्हा, की एखादी माता दार ठोठावते तेव्हा? आमच्या मते दुसरे उत्तर खरे आहे. हल्ला रोखणे हे आत्मरक्षणाचे शेवटचे पाऊल होय. पहिले पाऊल औषधाचे असते, आणि ते बहुधा कोणाच्याही नजरेत न भरता पडते.

आता आपल्या देशाकडे व आपल्याकडे पाहू. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, निरनिराळ्या मनोविकारांत शेकडा ७० ते ९२ रुग्णांस उपचारच मिळत नाहीत असे आढळले. यास दवाखान्यांचा तुटवडा कारण आहेच. परंतु लाज हेही कारण आहे, आणि लाजेला आडोसा देवस्थानांचा मिळतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एर्वाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयास आणून साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण छपरास आग लागून जळून मेले. त्यांना पळता आले नाही. ते अन्य धर्माचे स्थान होते असे म्हणून आपण सुटू शकत नाही. साखळी सर्व धर्मांच्या आवारांत दिसलेली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळदंडांनी बांधण्यास मनाई केली आहे, आणि उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. स्वतःस वा इतरांस धोका होईल अशा स्थितीतील मनोरुग्णास संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत पोहोचविण्याचे कर्तव्य त्याच कायद्याने पोलिसांवर घातले आहे.

आणि आपला तो तरुण? चौकशी केल्यावर आम्हांस कळले की, त्याच्या गोळ्या तीन महिन्यांपूर्वी बंद झाल्या होत्या. गोळ्या बंद करून अकरा पौर्णिमा देवाच्या पायरीवर बसवावे, असे त्या मातेस कोणी सांगितले होते. सांगणारे गृहस्थ आपल्यापैकीच होते, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. देवाच्या पायरीवर बसावे, अवश्य बसावे. पण गोळी घेऊन बसावे. मधुमेहाचा रोगी आपण इन्शुलीन सोडून प्रदक्षिणा घालावयास लावतो काय?

आता त्या दोन सूचनांविषयी. काठ्यांपेक्षा कोयता, सुऱ्या कुलपात ठेवणे अधिक उपयोगी पडेल. स्वयंसेवकांस शिकवावयाचे ते हे: लोकांस दूर करणे, दोघातिघांनी मिळून हात धरणे, पोलिसांस बोलावणे, आणि हात धरल्यावर कोणासही त्या मनुष्यास मारू न देणे. हे शेवटचे काम सर्वांत कठीण आहे, कारण ते आपल्याच माणसांविरुद्ध करावयाचे असते. प्रवेशबंदीविषयी इतकेच सांगतो की, आतुराने देवाकडे जाऊ नये तर कोणाकडे जावे? त्याऐवजी सूचनाफलकावर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक लिहावा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा अहोरात्र व विनामूल्य आहे. आपल्या बेळगावाहून धारवाडची मानसिक आरोग्यसंस्था दूर नाही. ज्यांच्या घरी सोबतीला माणूस नाही, त्यांच्याबरोबर जाणारे दोन सभासद आपल्यांतून निघावेत.

पसायदानात ज्ञानदेवांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनाचे वाकडेपण जावे एवढेच मागितले. आपल्यापुढे होता तो तर दुष्टही नव्हता.

त्या दिवसापासून ती माता देवळात आलेली नाही. सभामंडपातील खांबाजवळची तिची जागा या चातुर्मासात रिकामी राहिली. मुलगा पुन्हा औषधे घेऊ लागला आहे व बरा आहे, असे ऐकतो. यंदाच्या उत्सवाचे आमंत्रण घरोघर धाडण्यापूर्वी समितीने प्रथम त्या घरी जावे, प्रसाद द्यावा आणि झाल्या गोष्टीची क्षमा मागावी, अशी आमची नम्र सूचना आहे. समितीबरोबर आम्हीही जाऊ. कारण त्या दिवशी तेथे उभे राहून काही न करणाऱ्यांत आम्हीही होतो.