वरून बुजलेली जखम

इंग्रजीत ‘फेस्टर’ असं एक क्रियापद आहे. शब्दकोशात त्यापुढे ‘चिघळणे’ लिहिलेलं असतं. ते बरोबरच आहे, पण आपलं चिघळणं बहुतेक चव्हाट्यावरचं. संप चिघळतो, आंदोलन चिघळतं, बांधाचा वाद चिघळतो. मन चिघळलं असं काही आपण म्हणत नाही. तिथे सल असते, अढी असते, खदखद असते. फेस्टर मात्र गिळलेल्या अपमानालाही सहज लागतं.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘फिस्टुला’. म्हणजे नळी, पावा. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत उतरला. डॉक्टर आजही फिस्टुला म्हणतात, भगंदर त्यातलाच. आणि सुश्रुतसंहितेत जवळपास याच दुखण्याचं नाव काय, तर नाडीव्रण. नाडी म्हणजेही नळीच! सुश्रुताने दिलेलं कारण मला फार आवडतं: पिकलेली सूज कच्ची समजून दुर्लक्ष केलं, की पू आत वाट काढत जातो.

आईच्या पाठीवर गळू झालं होतं. डॉक्टरांनी चिरा दिला, पू काढला, पण टाका घातला नाही. रोज गॉजची वात आत सरकवायची, दुसऱ्या दिवशी ओढून काढायची, नवी घालायची. वात निघताना आई उशीची कड मुठीत धरायची. मी म्हटलं, “एक टाका घालून मिटवून का टाकत नाही?”

“वरून बुजली तर आत पुन्हा पू धरेल. तळापासून भरू दे.”

मिटवून टाकायची सवय माझी जुनीच. घराच्या वाटणीच्या वेळी दादा एक वाक्य बोलला होता. मी हसून म्हणालो, “जाऊ दे रे दादा.” सगळ्यांनी चहा घेतला. त्याला आता अकरा वर्षं झाली. वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे.

मराठीत ‘प्रश्न चिघळत ठेवला’ असंही म्हणतात. त्या ‘ठेवला’मध्ये ठेवणारा लपत नाही. सरकारच्या बाबतीत मी ते बिनदिक्कत वापरतो.

परवा दादाचा फोन आला होता. पाऊस, गुडघे, परसातल्या फणसाला यंदा किती धरले, सगळं बोलून झालं.