मायनर म्हणजे दुःख?

युकुलेलेवर ए मायनर वाजवायला एकच बोट पुरते. चेहऱ्याच्या बाजूच्या, म्हणजे चौथ्या तारेचा दुसरा पडदा मधल्या बोटाने दाबायचा, बाकीच्या तारा मोकळ्या ठेवायच्या आणि चारही तारा छेडायच्या. एवढे जमले की विद्यार्थ्याला बहुधा लगेच सांगितले जाते, 'मेजर आनंदी, मायनर दुःखी.' सूत्र सुटसुटीत आहे, पण खुद्द वाद्यच त्याला दुजोरा देत नाही. मोकळ्या तारांचे स्वर जी, सी, ई आणि ए. ए मायनरला लागणारे ए, सी आणि ई त्यांत आधीच हजर असतात. बोट फक्त जीचा ए करते. तेच बोट उचलून पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवले, की सी मेजर वाजते. दोन्ही कॉर्डमध्ये सी आणि ई सामाईक आहेत. एकीत ए, दुसरीत जी, एवढाच फरक. शिवाय नेहमीच्या जुळणीत चौथी तार खालच्या नव्हे, वरच्या जीला लावलेली असते. त्यामुळे इथे ए मायनरचा सर्वांत खालचा स्वरही सीच राहतो आणि ती कॉर्ड सी मेजरच्या आणखी जवळ जाते.

यावर कोणी म्हणेल, फरक लहान असला तरी तो निसर्गातलाच आहे: शुद्ध स्वरांतराच्या हिशेबाने सी ते ई हे अंतर ५:४ चे, तर ए ते सी ६:५ चे. खरे आहे. पण फरक ऐकू येणे आणि त्यातून दुःख जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ए हा षड्ज धरला तर ए मायनर म्हणजे सा, कोमल गंधार आणि पंचम. काफी रागातही गंधार कोमलच असतो, तरी होरी, म्हणजे होळीची उल्हासाची गाणी, काफीतच रंगते. पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नांत वाजणाऱ्या क्लेझमरच्या कितीतरी नाचऱ्या धुना मायनरच्या वळणाच्या आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: युरोपीय संगीताने आणि मागाहून सिनेमाने शोकासाठी मायनर इतके वापरले, की आपल्या कानाला ते तसेच लागते. मान्य, पण मग तो संस्कार ठरतो, कॉर्डचा स्वभाव नव्हे. त्या शोकात विलंबित लयीचा आणि शब्दांचा वाटा किती, हेही तपासायला हवे.

म्हणून शिकवणाऱ्यांनी सूत्र आधी सांगू नये. ए मायनर आणि सी मेजर आलटूनपालटून, आधी सावकाश आणि मग जलद वाजवून घ्याव्यात आणि काय वाटले ते विद्यार्थ्यालाच विचारावे. बोट कुठे ठेवायचे ते जरूर शिकवावे. वाटायचे काय, ते शिकवू नये.