धुरावरून आग

न्यायदर्शनातले अनुमानाचे ठरलेले उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर: तो दिसला की न दिसलेली आग सिद्ध होते. आधार व्याप्तीचा, जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघरात. स्वस्तातले अग्निसूचक यंत्र हेच अनुमान विजेवर करते. एमक्यू-२ सेन्सरमधील टिन ऑक्साइडचा रोध धुराने घटतो, कम्पॅरेटर बदललेले व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेशी ताडून पाहतो आणि बझर वाजतो. पण हा सेन्सर गळणाऱ्या गॅसलाही तसाच भुलतो. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील, म्हणजे साध्य नसतानाही आढळणारे कारण. उलटी व्याप्तीही टिकत नाही: तापलेल्या लोखंडी गोळ्यात त्यांच्या मते आग असते, धूर नसतो. म्हणूनच उष्णता टिपणाऱ्या थर्मिस्टरची जोड लागते.

वेळेवरच्या अनुमानाची गरज अशा घटनांतून कळते: रायपूरमध्ये १७ एप्रिल २०२१ रोजी एका खासगी रुग्णालयाला आग लागून किमान पाच कोविड रुग्ण दगावले. त्याआधी ९ जानेवारीला भंडाऱ्यात तशाच आगीत दहा नवजात बालके. चार्वाक अनुमान नाकारतात, फक्त प्रत्यक्ष मानतात. झोपलेल्या वॉर्डात मात्र प्रत्यक्ष फार उशिरा पोहोचते. कम्पॅरेटरची मर्यादा कुठे ठेवायची, हा प्रश्न वरवर तंत्राचा, मुळात प्रमाणशास्त्राचा आहे. ती कमी ठेवली तर फोडणीच्या धुरालाही बझर वाजतो, आणि दोन-चार वेळा असे झाले की कोणीतरी त्याची तारच काढून टाकतो.