कोरेगावचा दाखला आणि कलिंगाचा दाखला



२०२५ सालची बुद्धपौर्णिमा १२ मे रोजी आली. पहलगामला २२ एप्रिलला २६ निरपराध माणसांची हत्या झाली होती. ७ मेला आपल्या देशाने पाकिस्तानातील तळांवर हल्ले केले आणि १० मेला तोफा थांबल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी वरठीच्या विहारात आपण त्रिशरण-पंचशील ग्रहण केले. जीवहिंसेपासून अलिप्त राहण्याचे पहिले शील आपल्या मुखातून निघाले आणि वंदना संपताच युद्धावर वाद सुरू झाला.

एक तरुण उठून म्हणाला, “आपण कोरेगावच्या शूरांचे वारस आहोत. पाचशेंनी अठ्ठावीस हजारांना पाणी पाजले. तोफा थांबवायलाच नको होत्या.” एका वृद्ध उपासकाने उत्तर दिले, “आपण सम्राट अशोकाचे वारस आहोत. कलिंगानंतर त्याने तलवार टाकली. बौद्धाने युद्धाचे नावसुद्धा काढू नये.” दोघांनाही टाळ्या पडल्या. मागे बसलेली एक माउली मात्र म्हणाली, “गुरुजी, माहा पोरगा बारडरवर हाये. हे तं कोरेगाव आन् कलिंगच बोलून रायले.”

तिला मी त्या दिवशी काही उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख तिच्यासाठी आणि आपणा सर्वांसाठी आहे. आपल्यापैकी कित्येक घरांनी अलीकडेच बावीस प्रतिज्ञा घेतल्या. जुने देव सोडलेल्या माणसाला आपला म्हणावा असा इतिहास हवा असतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. पण इतिहासाचा दाखला कोर्टातल्या साक्षीदारासारखा असतो. त्याची उलटतपासणी घ्यावी लागते.

प्रथम कोरेगाव. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली पायदळ, घोडेस्वार आणि तोफखाना मिळून सुमारे आठशे लोक होते. पेशव्यांची एकूण फौज अठ्ठावीस हजार सांगितली जाते. प्रत्यक्ष गावावर चालून आले ते सुमारे दोन हजार. एवढे म्हटल्याने आपल्या पूर्वजांचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. स्तंभावरची महार शिपायांची बावीस नावे तशीच राहतात. परंतु ते युद्ध कोणाचे होते? कंपनी सरकारचे. पुढे इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद केली. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर ती मोडून टाकली. “आम्ही जन्माने हीन आहोत काय?” या प्रश्नाला कोरेगावचा स्तंभ खणखणीत उत्तर देतो. “आज युद्ध करावे काय?” हा प्रश्न त्या स्तंभाला कोणी विचारलेलाच नाही.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पहा. परमपूज्य बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला गेले आणि तीन महिने पुरे होण्याच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर गेले. तळ्यावरून परतल्यावर आपल्या लोकांवर लाठ्यांचा हल्ला झाला, शिजलेले अन्न मातीत मिळवले गेले. जमलेल्या लोकांत पेन्शनर शिपाई पुष्कळ होते. ज्यांनी लढाया पाहिल्या त्यांना गावगुंड भारी नव्हते. हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, आणि ते आवरले गेले. कोरेगाव जाणणाऱ्या मनुष्याने महाडला असे का केले? कारण महाडला जिंकायचे होते ते पाणी, आणि पाण्यावरचा हक्क काठीने सिद्ध होणारा नव्हता. आमच्या तरुणाने कोरेगावचा दाखला अवश्य द्यावा, पण त्याच वर्षीचे महाड त्यातून गाळू नये.

आता आमच्या आजोबांचा दाखला. कलिंगाच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली, असे अशोकाने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. जिंकणाऱ्या राजाने आपल्या विजयाची अशी लाज दगडावर कोरावी, याला जगाच्या इतिहासात जोड सापडणे कठीण. पण तोच शिलालेख पुढे वाचा. पश्चात्तापातही आपल्याकडे दंडाची शक्ती आहे, असा इशारा तो जंगलातील टोळ्यांना देतो. कलिंग त्याने परत केले नाही. आणि हा तेरावा लेख कलिंगातील धौली आणि जौगड येथे कोरलेलाच नाही. ज्यांची माणसे मेली त्यांच्यापुढे तो मांडला गेला नाही. याने अशोक लहान होत नाही. मात्र “अशोकाने शस्त्र टाकले” हे वाक्य अर्धेच खरे ठरते.

अर्ध्या दाखल्याने काय होते ते याच शतकापूर्वीच्या शतकात दिसले आहे. १९३८ साली म्युनिक येथे ब्रिटन-फ्रान्सने हिटलरपुढे मान तुकवली आणि वर्षभरात महायुद्ध पेटले. जुलमी माणसाला वेळीच अडवले पाहिजे, हा धडा खराच होता. अँथनी ईडन हे त्याच साली, मुसोलिनीला सवलती देण्यावरून, मंत्रिपद सोडून बाहेर पडलेले गृहस्थ. १९५६ साली ते पंतप्रधान होते. इजिप्तच्या नासरने सुवेझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला तेव्हा ईडनना नासरमध्ये हिटलर-मुसोलिनीच दिसले. १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोक बुद्धाला शरण गेले, आणि तो महिना संपता संपता इजिप्तवर बॉम्ब पडू लागले. आठवड्याभरात युद्ध थांबवावे लागले, सैन्य परत न्यावे लागले, जानेवारीत ईडनना राजीनामा द्यावा लागला. एकदा बरोबर ठरलेला मनुष्यच त्या दाखल्याने फसला.

मग युद्ध नेहमीच अधर्म आहे काय? बाबासाहेबांनी तसे मानले नाही. १९४२ साली मजूरमंत्री असताना त्यांनी आकाशवाणीवरून कामगारांना नाझींविरुद्धच्या युद्धाची बाजू समजावून सांगितली होती. लढण्यास नुसता नकार दिल्याने युद्ध नाहीसे होत नाही, असे त्यांचे मत होते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे.

परंतु ही गरज ठरवायची कशी? यासाठी त्याच ग्रंथातील रोहिणी नदीचा प्रसंग आपण घरी मुलाबाळांसह वाचावा. आम्हा धानाच्या मुलखातल्या लोकांना तो समजावून सांगावा लागत नाही. रोवणीच्या दिवसांत वरच्या बांधीवाल्याने पाणी अडवले की काय होते, ते आपण जाणतो. शाक्य आणि कोलीय यांचे भांडण तसेच, शेताच्या पाण्याचे. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला आणि क्षत्रियांच्या कर्तव्याचा दाखला दिला. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने मात्र जुना पराक्रम काढला नाही. आधी कोणी हात उचलला, आपल्या माणसांचाही दोष आहे काय, हे त्याने विचारले. दोन आपले, दोन त्यांचे आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा अशा पंचांकडे वाद सोपवावा, अशी सूचना त्याने मांडली. मोठ्या बहुमताने ती पडली. घरादारावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती डोक्यावर असतानाही तो हटला नाही. अखेर परिव्राजक होऊन निघून गेला.

पहलगामच्या मारेकऱ्यांना शासन झालेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात संशय नाही. पण किती, कोठवर आणि कोणाला, हे प्रश्न देशद्रोहाचे नव्हेत. सिद्धार्थाने ते आपल्याच संघात उभे राहून विचारले होते. आणि दारूगोळ्याची किंमत या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आपला देश कोणत्याही युद्धात नव्हता, तरी आठ कामगार गेले.

येत्या पौर्णिमेला विहारात रोहिणीच्या प्रसंगाचे वाचन ठेवले आहे. आमचा तो तरुण आणि ते आजोबा दोघेही येणार आहेत. वाचन त्या माउलीने करावे, अशी विनंती मी तिला केली आहे. अक्षरे जोडून तिला वाचता येते. तिने अजून होकार दिलेला नाही.