समर्थ येणारच, हे ठाऊक असताना

भयकथाकार नारायण धारपांच्या समर्थकथांपैकी मागाहूनचं एक पुस्तक परवा वाचून संपवलं आणि तेव्हापासून माझं माझ्याशीच भांडण चाललंय. पुस्तकाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तक्रार त्या एका पुस्तकापुरती नाही. हातातून सुटलं नाही, हे खरं. भिडलं नाही, हेही खरं. दोन्ही एकदम कसं, हे शोधायला बसलो तर पुस्तकापेक्षा माझीच झडती जास्त झाली.

धारप (१९२५–२००८) विज्ञान शिकलेले गृहस्थ. त्यांचं भय स्मशानात कमी आणि माणसांच्या राहत्या घरात जास्त. भाड्याची खोली, अंधारा जिना, दिवसभर राबून परतलेला नोकरदार, आणि त्या रोजच्या जगण्याला अचानक गेलेला तडा. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली ‘लुचाई’ वाचतानासुद्धा गोष्ट परक्या मुलखातली वाटत नाही. समर्थकथांत या तड्यातून येणाऱ्या काळ्या शक्तींशी समर्थ हे नायक झुंजतात, आणि सोबत असतात अप्पा जोशी. अप्पा म्हणजे आपण. घाबरणारे, संसारी, ‘हे काय चाललंय’ म्हणून हबकणारे.

भीती मोजायचं माझं माप साधं आहे. थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर मोटारीची लाईट बहुतेक रात्रीचीच. एक सरी भरेपर्यंत बांधावर बसून बॅटरीच्या उजेडात दोन-चार पानं होतात. पहिल्या समर्थकथा वाचत होतो तेव्हा लाईट गेली की विहिरीवरच्या स्टार्टरपर्यंत जायला पाय उचलत नसे. तुरीच्या ओळीत रानडुक्कर खसफसलं तरी ते डुक्करच असेल, याची खात्री वाटत नसे. या वेळी ऐन रंगात आलेल्या प्रकरणात लाईट गेली. मी पुस्तक बांधावर पालथं घातलं, अंधारातून स्टार्टरपर्यंत गेलो, फ्यूज बघितला, परत आलो आणि पुढचं पान उलटलं. मनात काहीच हललं नाही. समर्थ येणार होते ना!

हा दोष लेखकावर ढकलणं सोपं आहे. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांच्या त्या काळात वाचक नायकाचं नाव घेऊन पुस्तक मागत. मागणी असली की नायकाला निवृत्ती नाही. कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून पाहिलं, दहा वर्षांनी त्याला परत आणावंच लागलं. मग धारपांनीच समर्थांना का सोडावं? आणि समर्थ एखाद्या पुस्तकात हरले असते, तर सगळ्यात आधी मीच चिडलो असतो. तेव्हा ते जिंकतात ही माझी तक्रार असूच शकत नाही.

तक्रार दुसरीच आहे. आधीच्या पुस्तकांत समर्थांकडे येणारा माणूस बिचकत यायचा. हा माणूस खरा की सोंगाड्या, असा प्रश्न त्याच्या डोळ्यांत मला दिसायचा, आणि तो प्रश्न माझाही असायचा. मागाहूनच्या या पुस्तकात तो प्रश्न मला कुठे सापडला नाही. समर्थ म्हणाले, अप्पांनी मान डोलावली, काम झालं. माझा रस नेमका इथे आटला. पण इथेच मला बरंही वाटलं, आणि मनाला टोचतं ते हे बरं वाटणं.

कारण मी राहतो हिवरा आश्रमात. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाचं हे गाव. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखोंच्या पंगती बसतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून पुरी-भाजी येते, पाहुण्यांची भाषणं होतात. स्वतःवर विश्वास ठेवा, दुबळेपणा झटका, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. त्यावर मीही मान डोलावतो. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तेव्हा चारचौघांत त्याची बाजू हिरीरीने मांडणाऱ्यांत मी होतो. आणि रात्री बांधावर बसून मला हवा असतो कुणीतरी समर्थ, ज्याने यावं, हात उचलावा आणि संकट निवारावं. मला फक्त अप्पा व्हायचं असतं. शेजारी उभं राहून बघणारा.

कथा आहे, एवढं काय मनावर घ्यायचं, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. ते पुरतं पटत नाही. कथेत समर्थ खरे, कारण धारप तसं सांगतात. दारात आलेला गंडे-दोरेवालाही शांत चेहऱ्याने बोलतो, तोही पैसे नको म्हणतो (निदान पहिल्या खेपेला). त्या वेळी कानात येऊन हा खरा, तो खोटा, असं सांगायला कुणी लेखक नसतो. तिथे आपली शंकाच कामाला येते. आणि करमणुकीच्या नावाखाली मी तीच शंका तासन्‌तास गुंडाळून ठेवायला शिकतोय का? धारप वाचून मी कुणाच्या नादी लागलेलो नाही, लागेन असंही वाटत नाही. तरी शंका घेऊन घेऊन माणूस थकतो आणि मग कुणीतरी एकदाचं ‘मी आहे ना’ म्हणावं असं वाटतं, ही ओढ माझ्यात आहे. पुस्तकाने ती आणली नाही. ती तिथे आहे एवढं दाखवलं.

पुढचं पुस्तक लायब्ररीत सांगून ठेवलंय. त्यात अप्पांना एकदा तरी समर्थांचा संशय यावा, अशी माझी इच्छा आहे. तो आलाच, तर मला आवडेल की नाही, ते मात्र आज छातीठोकपणे सांगता येत नाही.