घाम निरपराधालाही फुटतो

कॅथरिन डान्सकडे दोन चष्मे असतात. समोर भेदरलेला साक्षीदार किंवा लहान मूल असलं की साधा, मवाळ दिसणारा. पण निर्ढावलेल्या माणसाला बोलतं करायचं असेल तर ती तो उतरवते आणि काळ्या फ्रेमचा चढवते. मनातल्या मनात त्याला ती शिकाऱ्याचा चष्मा म्हणते. जेफ्री डीव्हरच्या 'द स्लीपिंग डॉल' (२००७) या कादंबरीच्या सुरुवातीला ती कॅलिफोर्नियातल्या सलीनासच्या कोर्टात डॅनियल पेलसमोर बसली आहे. पेल एका कुटुंबाच्या हत्याकांडासाठी तुरुंगात आहे. त्या रात्री घरातली एक लहान मुलगी खेळण्यांच्या ढिगात झोपून गेली होती, म्हणून वाचली. कादंबरीचं नाव तिच्यावरूनच पडलं आहे. आता दुसऱ्या एका जुन्या खुनाबद्दल त्याची चौकशी चालली आहे. डान्स देहबोलीची तज्ज्ञ. पाय कुठे वळला, बोट कधी थांबलं, नजर कोणत्या प्रश्नाला हलली, हे टिपणं तिचं काम. मुलाखत संपते, आणि थोड्याच वेळात पेल कोर्टाला आग लावून, माणसं मारून पळून जातो.

डीव्हरच्या वाचकांना डान्स तशी आधीपासून ठाऊक होती. 'द कोल्ड मून' (२००६) मध्ये ती लिंकन ऱ्हाइम या त्याच्या नेहमीच्या तपासनीसाच्या मदतीला येऊन गेली होती. ऱ्हाइम धूळ, धागे, रक्त यांवर विश्वास ठेवणारा. माणसांच्या साक्षीला तो फारशी किंमत देत नाही. त्याच्या अगदी उलट स्वभावाची नायिका लेखकाने उभी केली आणि ती इतकी जमली की पुढे 'रोडसाइड क्रॉसेस', 'एक्सओ', 'सॉलिट्यूड क्रीक' अशा कादंबऱ्या तिच्यावर आल्या. विधवा, दोन मुलांची आई, लोकगीतं जमवण्याचा छंद असलेली. पाठलागाच्या कादंबरीत इतकं घरगुती पात्र सहसा सापडत नाही.

मला मात्र त्या कोर्टातल्या प्रसंगातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. पेल पळणार आहे हे डान्सच्या लक्षात येतं (उशिरा का होईना), पण ते त्याच्या पापणीवरून येत नाही. तुरुंगाच्या तटबंदीतून निघून साध्या कोर्टाच्या इमारतीत पोचणं हेच त्याला हवं होतं, जुन्या खुनाचं प्रकरण त्यासाठीच उकरलं गेलं, हा हिशेब ती जुळवते. म्हणजे देहबोलीच्या या सम्राज्ञीला ऐन वेळी कामी येतं ते साधं तर्कशास्त्र. वाचक ते विसरतो आणि चष्मा लक्षात ठेवतो. या प्रकारच्या साहित्याचं सगळं यश या विसरण्यावर उभं आहे.

अपराध शरीरावर उमटतो, हा विश्वास काही अमेरिकेतून आलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, राजाने स्वतःचं रक्षण कसं करावं हे सांगताना, विष घालणाऱ्याची लक्षणं दिली आहेत: तोंड सुकतं, चेहरा काळवंडतो, शब्द अडखळतात, घाम येतो, जांभया येतात, अंग कापतं, चालताना ठेच लागते, नजर भिरभिरते, एका जागी पाय ठरत नाही. याज्ञवल्क्य स्मृतीतला खोटा साक्षीदारही जागा बदलत राहतो, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळावर घाम येतो. निरीक्षण बारीक आहे, यात वाद नाही. पण आता त्या राजवाड्यातला एखादा निरपराध आचारी डोळ्यांसमोर आणा. राजा घास हातात धरून आपल्याकडे रोखून बघतोय आणि शेजारी तलवार घेतलेला शिपाई उभा आहे, हे त्याला दिसतंय. त्याचं तोंड सुकणार नाही तर काय होणार? कौटिल्याची यादी भीतीची आहे. गुन्हेगार घाबरतो हे खरं. पण घाबरलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, आणि मुरलेला गुन्हेगार तर बऱ्याचदा घाबरतही नाही.

पेशवाईत उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढण्याचं दिव्य होतं. हात भाजला की नाही, त्यावर निवाडा. आपण आज त्याला हसतो. पण शरीराला साक्षीला बोलावायचं आणि माणसाचं म्हणणं बाजूला ठेवायचं, ही पद्धत दिव्यापासून आजच्या 'तज्ज्ञा'पर्यंत तशीच चालत आली आहे. फक्त कढई गेली.

विसाव्या शतकात या विश्वासाला शास्त्राचा कोट मिळाला. रे बर्डव्हिसेल या मानववंशशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये देहबोलीच्या अभ्यासाला 'कायनेसिक्स' हे नाव दिलं. डान्सची विद्या ती हीच. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक देणारी पद्धत प्रसिद्ध केली. ते काम भक्कम आहे, आजही वापरलं जातं. पण एकमन यांचा दुसरा दावा जास्त गाजला: दडवलेली भावना चेहऱ्यावर सेकंदाच्या छोट्याशा भागापुरती चमकून जाते आणि शिकलेल्या डोळ्याला ती पकडता येते. त्यावर 'लाय टू मी' ही दूरचित्रवाणी मालिका निघाली (२००९ ते २०११). टिम रॉथ त्यात चेहरे वाचत हिंडतो आणि सहसा चुकत नाही.

प्रयोगशाळेत काय झालं? चार्ल्स बॉन्ड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये तोवरचे दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र केले. चोवीस हजारांवर माणसांनी समोरचा खरं बोलतोय की खोटं, याचा अंदाज बांधला होता. बरोबर आले ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. पोलीस, न्यायाधीश, मानसशास्त्रज्ञ असा फरक केला तरी चित्र फारसं हललं नाही. डीपॉलो यांनीच त्याआधी, २००३ मध्ये, खोटेपणाची म्हणून समजली जाणारी दीडशेवर लक्षणं तपासली होती. बहुतेकांचा खोटं बोलण्याशी संबंध नव्हता किंवा अगदी पुसट होता. नजर चुकवणं तर त्यात बसतच नाही. आणि गंमत अशी की अठ्ठावन्न देशांतल्या लोकांना विचारलं, खोटारडा कसा ओळखावा, तर सगळ्यांत जास्त मिळालेलं उत्तर हेच होतं: तो नजरेला नजर देत नाही. आपल्याकडे तर वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालायला मुलांना मुद्दाम शिकवतात. तोच मुलगा मोठा होऊन फौजदारासमोर मान खाली घालून उभा राहिला की वहीत काय नोंद होईल, ते सांगायला नको.

'लाय टू मी' बघणाऱ्यांवरही टिमथी लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. मालिका बघून प्रेक्षक खोटं पकडण्यात जराही सरस झाले नाहीत. खरं बोलणाऱ्यांवर मात्र जास्त संशय घेऊ लागले. करमणूक म्हणून बघितलेली गोष्ट डोळ्यांत राहते ती अशी.

संशय प्रेक्षकाच्या डोळ्यांत राहिला तर नुकसान थोडं. तो चौकशीच्या खोलीत शिरला की माणसं आयुष्यातून उठतात. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात लिंकन गावी डॅरेल पार्कर या तरुण वनाधिकाऱ्याच्या बायकोचा खून झाला. जॉन रीड हा शिकागोचा नामांकित चौकशीतज्ज्ञ बोलावला गेला. अनेक तासांनी पार्करने कबुली दिली, दुसऱ्या दिवशी ती मागे घेतली. पण शिक्षा झालीच. या खटल्याने रीडचं नाव आणखी मोठं झालं. त्याची पद्धत पुस्तकात आली आणि अमेरिकेतल्या पोलिसांना पिढ्यानपिढ्या शिकवली गेली. तिचा पहिला टप्पा म्हणजे संशयिताच्या हालचालींवरून तो खोटा आहे की नाही हे ठरवणं. एकदा ठरलं की पुढची सगळी चौकशी त्याला कबुलीकडे ढकलण्यासाठी. पुढे दुसऱ्याच एका गुन्हेगाराने हा खून आपण केल्याचं आपल्या वकिलांना सांगितलं होतं, हे त्याच्या मृत्यूनंतर १९८८ मध्ये बाहेर आलं. राज्याने पार्करची जाहीर माफी मागितली ती २०१२ मध्ये. तोवर तो ऐंशीच्या घरात पोचला होता.

सॉल कॅसिन आणि क्रिस्टिना फाँग यांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला रीडच्या पद्धतीची लक्षणं शिकवली, दुसऱ्याला काहीच शिकवलं नाही, आणि दोघांना संशयितांच्या चौकशीच्या चित्रफिती दाखवल्या. शिकलेला गट जास्त चुकला, पण स्वतःच्या निकालाबद्दल त्याला जास्त खात्री होती. अज्ञान शंका तरी घेतं. अर्धं शास्त्र तेवढंही करत नाही. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या वागण्यावरून संशयित हेरण्याच्या कार्यक्रमावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ मध्ये त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी या पद्धतीला पुरेसा आधार नाही, पैसा आवरता घ्या, असं सांगितलं.

मग पळालेला खुनी प्रत्यक्षात पकडला कसा जातो?

टेड बंडी जून १९७७ मध्ये कोलोरॅडोतल्या ॲस्पेनच्या कोर्टातून, ग्रंथालयाच्या खिडकीतून उडी मारून पळाला. काही दिवसांनी चोरलेली गाडी वेडीवाकडी हाकताना सापडला. वर्षअखेर पुन्हा तुरुंगातून निसटला आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये फ्लोरिडात गस्तीवरच्या पोलिसाच्या हाती लागला. गाडी पुन्हा चोरीची. मधल्या काळात त्याने आणखी बळी घेतले होते. त्याच्या चेहऱ्यावर कुणालाच काही दिसलं नव्हतं. उलट चेहरा देखणा होता, हेच त्याचं हत्यार.

आपल्याकडचं उदाहरण जास्त रंगतदार आहे. चार्ल्स शोभराज मार्च १९८६ मध्ये तिहार तुरुंगातून पळाला. वाढदिवसाच्या निमित्ताने पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई वाटली आणि दारातून बाहेर पडला. तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला, मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' उपाहारगृहात पकडलं. परदेशी फोन लावण्याची सोय असलेली जागा. शोभराज इथे येईल असा अंदाज बांधून झेंडे दबा धरून बसले. डोक्यावर टोपी घातलेला एक माणूस टॅक्सीतून उतरून आत आला. झेंड्यांनी त्याला ओळखलं, कारण १९७१ मध्ये मुंबईत त्यांनीच त्याला एकदा अटक केली होती. बेड्या जवळ नव्हत्या, म्हणून उपाहारगृहातली दोरी घेऊन बांधलं, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. या कहाणीत देहबोलीचा तज्ज्ञ कुठेही नाही. आहे ती पंधरा वर्षं टिकलेली आठवण, फोनच्या सोयीवरून बांधलेला अंदाज आणि ताटकळत बसायची तयारी.

देहबोलीची खरी जाण होती ती शोभराजला. बँकॉक-काठमांडूच्या वाटेवर हिंडणाऱ्या पोरांपैकी कोण एकटा आहे, कोण आजारी, कुणाला मोठ्या भावासारखा आधार हवाय, हे तो अचूक हेरायचा. मग औषध म्हणून गुंगी द्यायचा. डीव्हरला हे मर्म कळलेलं आहे, म्हणून त्याची कादंबरी तिच्यावर काढलेल्या नकलांपेक्षा वरची ठरते. पेल माणसं वाचतो. कुणाच्या मनात कुठे पोकळी आहे ते त्याला दिसतं आणि त्या पोकळीत तो जाऊन बसतो. त्याच्या टोळीतून सुटलेल्या तीन बायकांना डान्स एकत्र आणते, तो कसा विचार करतो ते त्यांच्याकडून समजून घेते. कादंबरीचा सगळ्यांत जिवंत भाग हा आहे; आणि इथे डान्स बोटांच्या हालचाली मोजत बसत नाही, ती ऐकते.

अलीकडचं संशोधनही ऐकण्याकडेच वळलं आहे. ॲल्डर्ट व्री आणि त्यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, चेहरा सोडा, मजकूर तपासा. हकिगत शेवटापासून उलट सांगायला लावा. हातातला पुरावा लगेच दाखवू नका, आधी माणसाला मोकळेपणी बोलू द्या, मग दोन्ही ताडून पाहा. इंग्लंड-वेल्सच्या पोलिसांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच कबुलीसाठी दबाव टाकणारी चौकशी सोडून माहिती गोळा करणारी मुलाखत स्वीकारली. हे सगळं कंटाळवाणं आहे, त्यावर मालिका निघणार नाही.

आपल्या कायद्याला हे शहाणपण एका बाजूने पूर्वीच होतं. पोलिसापुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ही तरतूद नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात, संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी करता येणार नाही, असं बजावलं. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने चौकशीच्या खोल्यांसह पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. दुसरीकडे, साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल न्यायाधीशाने शेरा नोंदवावा ही जुनी तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेतही टिकून आहे. आयुष्यात पहिल्यांदा पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या बाईचा आवाज का कापतो, हे त्या शेऱ्यात कसं लिहिणार? कोर्टांनी या शेऱ्याला फार वजन देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याने बाहेर ठेवलेली गोष्ट मात्र रोज रात्री वाहिन्यांवरून घरात येते. आरुषी तलवार हत्या प्रकरणात तिचे आईवडील पुरेसे रडले नाहीत, यावर या देशाने वर्षानुवर्षं चर्चा केली. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. त्या चर्चेतल्या कुणीही माफी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

डीव्हरची कादंबरी जरूर वाचा. रात्र जागवायची ताकद तिच्यात आहे. पण उद्या एखाद्या वाहिनीवर कुणी तज्ज्ञ आरोपीचं चित्र थांबवून, त्याच्या भुवईवर गोल काढून तुम्हाला गुन्हा दाखवू लागला, तर वाहिनी बदला. आणि आपल्या गावच्या ठाण्यातला चौकशीच्या खोलीतला कॅमेरा चालू आहे का, हे माहितीच्या अधिकारात एकदा विचारून बघा.